परदेशात ओलीस ठेवलेला माणूस सुटतो कसा? जिबोच्या डॉक्टरांची सात वर्षं

एप्रिल २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात वीजवाहिनीचं काम करणारे झारखंडचे पाच कामगार सशस्त्र टोळीनं पळवून नेले. १ जुलैला शेजारच्या मालीमध्ये कायेस इथल्या सिमेंट कारखान्यातून आणखी तीन भारतीयांना उचललं. परराष्ट्र मंत्रालयानं निवेदन काढलं, वाहिन्यांवर दोन दिवस पट्टी फिरली आणि विषय मागे पडला. अशी बातमी आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तेच चार प्रश्न येतात. सरकार गप्प का? पैसे देऊन मोकळं का करत नाहीत? कमांडो का पाठवत नाहीत? आणि हे लोक तिकडे गेलेच कशाला?

चारही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. तो गुंता उकलायला याच पट्ट्यातली एक जुनी घटना हाताशी घेऊ. तिचा शेवट आपल्याला ठाऊक आहे आणि तिच्यात एक गोष्ट अशी घडली जी ओलिसांच्या प्रकरणांत सहसा घडत नाही: ज्यांना पळवलं त्यांच्यासाठी परक्या देशातलं अख्खं गाव रस्त्यावर आलं.

वाळवंटाच्या काठावरचं रुग्णालय

केन आणि जोसेलिन एलियट हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं जोडपं. केन शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. १९७२ मध्ये दोघं बुर्किना फासोच्या उत्तरेला, मालीच्या सीमेजवळच्या जिबो गावी गेले. तेव्हा त्या देशाचं नावसुद्धा वेगळं होतं, अप्पर व्होल्टा. सहारा वाळवंट जिथं संपत येतं आणि खुरटं गवत सुरू होतं, त्या आडव्या पट्ट्याला साहेल म्हणतात. जिबो त्यातच येतं. तिथं या दोघांनी १२० खाटांचं रुग्णालय उभं केलं आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ चालवलं. पंचक्रोशीत शस्त्रक्रिया करू शकणारे डॉक्टर म्हणजे केनच. पोट फाडायची वेळ आली की माणसं दूरदूरच्या गावांहून जिबोची वाट धरत.

१५ जानेवारी २०१६ ला राजधानी वागाडुगूमध्ये एका हॉटेलवर आणि कॅफेवर अतिरेकी हल्ला होऊन सुमारे ३० माणसं मेली. त्याच सुमारास जिबोत एलियट दांपत्याला पळवण्यात आलं. दोघंही वयानं आजीआजोबांच्या पिढीतले. केन तर ऐंशी ओलांडलेले.

तीन आठवड्यांनी, ६ फेब्रुवारीला, जोसेलिन सुटल्या. नायजरच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना पत्रकारांसमोर आणलं. केन मात्र आत राहिले. ते सुटले मे २०२३ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी. सात वर्षं आणि वर चार महिने.

एकाच रात्री, एकाच घरातून, एकाच टोळीनं नेलेली दोन माणसं. एक तीन आठवड्यांत सुटतं, दुसऱ्याला सात वर्षं लागतात. ओलीस सुटण्याचं सगळं गणित या फरकात दडलेलं आहे.

ओलीस म्हणजे नेमकं कोण?

माणसाला पळवणं म्हणजे अपहरण. अपहरण करून तिसऱ्याच कुणावर दबाव आणणं म्हणजे ओलीस धरणं. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९७९ मध्ये ओलीस धरण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला, त्यातली व्याख्याही जवळपास अशीच आहे: एखाद्याला ताब्यात घेऊन ‘तुम्ही अमुक केलं नाहीत तर याला मारू, इजा करू किंवा सोडणार नाही’ असं दुसऱ्याच कुणाला सांगणं. तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातल्या लोकांना ओलीस धरलं गेलं ते त्याच्या महिनाभर आधी. त्यातले ५२ जण ४४४ दिवसांनी सुटले. युद्धातही ओलीस धरायला जिनिव्हा करारांची मनाई आहे. थोडक्यात, कायद्याच्या बाजूनं संदिग्ध असं काहीच नाही. अडचण इतकीच की साहेलच्या वाळूत करार दाखवायला कोणी पोलीस नसतो.

व्याख्येतला ‘तिसरा’ महत्त्वाचा आहे. ओलिसाची किंमत ओलिसावर ठरतच नाही, ती त्या तिसऱ्याच्या गरजेवर ठरते. डॉक्टर किती भला आहे याच्याशी टोळीला सुरुवातीला कर्तव्य नसतं. त्याच्यासाठी कोण किती तळमळतंय, हे ती मोजत असते.

टोळीला काय हवं असतं?

ढोबळमानानं तीन गोष्टी: पैसा, तुरुंगातले आपले साथीदार, आणि दबदबा. बहुतेकदा तिन्हींचं मिश्रण असतं आणि काळानुसार ते बदलतं. एलियट यांना पळवणारी टोळी अल-कायदाच्या उत्तर आफ्रिकेतल्या शाखेची होती. जोसेलिन यांना सोडताना तिनं ध्वनिफीत काढली. तुरुंगात खितपत पडलेले आमचे लोक सोडवणं हा अपहरणाचा मुख्य हेतू आहे, असं तीत सांगितलं. म्हणजे इथं खंडणीपेक्षा अदलाबदल हवी होती, निदान बोलण्यात तरी.

आणि इथंच पहिली मेख येते. ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगात त्या टोळीचे लोक नव्हते. असतील तर ते माली, नायजर, बुर्किना, मॉरिटानिया यांच्या तुरुंगांत. ओलीस एका देशाचा, कैदी दुसऱ्याच्या ताब्यात, टोळीचा तळ तिसऱ्याच्या हद्दीत, मध्यस्थ चौथ्याच देशाचा. कॅनबेरातल्या अधिकाऱ्यानं फोन उचलून हे जुळणारं नव्हतं. अशी जुळणी होते तेव्हा ती मोठ्या राजकीय घडामोडीच्या पोटात होते. ऑक्टोबर २०२० मध्ये मालीनं सुमारे २०० कैदी सोडले, तेव्हा तिथले विरोधी पक्षनेते आणि एक वृद्ध फ्रेंच मदतकार्यकर्ती सुटली. अफगाणिस्तानात २०१६ मध्ये पळवलेले एक ऑस्ट्रेलियन आणि एक अमेरिकन प्राध्यापक २०१९ मध्ये सुटले ते तालिबानच्या तीन बड्या कैद्यांच्या बदल्यात, आणि त्या वेळी अमेरिका-तालिबान बोलणी चालू होती म्हणून. ओलिसाचं नशीब असं परक्यांच्या तहाला बांधलेलं असतं.

पडद्यामागे काय चालतं?

पहिलं काम, माणूस जिवंत आहे का ते बघणं. यासाठी टोळीला असा प्रश्न विचारायला सांगतात ज्याचं उत्तर फक्त त्या माणसालाच ठाऊक असेल: पहिल्या कुत्र्याचं नाव, आजोळच्या घराचा रंग असलं काहीतरी. बरोबर उत्तर आलं तर दोन गोष्टी कळतात. माणूस जिवंत आहे, आणि आपण बोलतोय तो खरोखर टोळीशी जोडलेला आहे. ही दुसरी गोष्ट फार मोलाची, कारण अपहरणाची बातमी फुटताच भुरटे मध्यस्थ उगवतात. ‘मी ओळखतो त्यांना, आधी प्रवासखर्च पाठवा’ म्हणणारे. हवालदिल कुटुंबं त्यांच्यापायी पैसा घालवतात आणि खरा दुवा हरवून बसतात.

पुरावा कधीकधी टोळी स्वतःच जाहीर करते. १ जुलै २०१७ ला साहेलमधल्या टोळ्यांच्या नव्या आघाडीनं सहा परदेशी ओलिसांची चित्रफीत काढली. त्यात केन एलियट होते. वेळ हिशेबानं निवडली होती. दुसऱ्या दिवशी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन मालीत येणार होते.

दुसरं काम, एकच वाट ठरवणं. सरकार, कंपनी, चर्च, भाऊ, मेहुणा असे पाच जण पाच तोंडांनी बोलायला लागले की टोळी सगळ्यात जास्त घाबरलेल्याशी बोलते.

तिसरं, वेळ काढणं. आंब्याच्या पेटीचा भाव चाललाय आणि आपलं पोरगं आधीच एक फळ उचलून चोखतंय, अशा वेळी दुकानदार एक रुपया तरी कमी करतो का? वाटाघाटी करणाऱ्याची सगळी धडपड पोराला दुकानाबाहेर ठेवण्याची असते. बाहेरून ती थंडपणासारखी दिसते आणि कुटुंबाला तर ती क्रूर वाटते. पहिल्याच फोनला होकार दिला तर आकडा दुप्पट होतो, हे समजावणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग असावा.

म्हणूनच सरकार गप्प बसतं?

बव्हंशी, हो. मंत्र्यानं दूरदर्शनवर येऊन ‘एकेकाला घरी आणू’ म्हटलं की टोळीला समजतं, माल महाग आहे.

पण गप्प बसण्याचं हे कारण सरकारांना फार सोयीचंही असतं, हे विसरू नये. काम चालू असल्यानं आलेली शांतता आणि कामच होत नसल्यानं आलेली शांतता बाहेरून सारखीच दिसते. २०१४ च्या जूनमध्ये इराकच्या मोसुलमध्ये ४० भारतीय कामगार पळवले गेले. एक निसटून आला आणि बाकीच्यांना गोळ्या घातल्या असं सांगत राहिला. त्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. उरलेल्या ३९ जणांची घरं जवळजवळ चार वर्षं आशेवर राहिली. मार्च २०१८ मध्ये सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं की बादुशजवळच्या सामूहिक कबरीतले मृतदेह त्यांचेच आहेत. पुराव्याशिवाय कोणाला मृत म्हणणं पाप आहे, ही स्वराज यांची भूमिका मला समजते. पण त्या घरांना निदान ‘आम्हाला ठाऊक नाही’ एवढं तरी स्पष्ट कळायला हवं होतं.

त्याच उन्हाळ्यात त्याच इराकमध्ये तिक्रितच्या रुग्णालयात अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिका, बहुतेक केरळच्या, जुलैमध्ये सुखरूप कोचीला उतरल्या. पद्धत एकच असते, निकाल एक नसतो.

खंडणी द्यावी की नाही?

कुठलंही सरकार ‘आम्ही खंडणी देत नाही’ असंच म्हणतं. केन सुटले तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्री पेनी वाँग यांनीही आपल्या सरकारनं पैसे दिले नसल्याचं सांगितलं. जानेवारी २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठरावच केला की दहशतवाद्यांना खंडणी मिळणार नाही याची काळजी सर्व देशांनी घ्यावी. आणि त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं हिशेब मांडला की २००८ पासून अल-कायदा आणि तिच्या शाखांना खंडणीतून किमान साडेबारा कोटी डॉलर मिळालेत, आणि ते मुख्यतः युरोपातल्या सरकारांकडून. कधी विकासनिधी म्हणून, कधी सरकारी कंपनीच्या हातून.

न देण्यामागचा तर्क सरळ आहे: आज दिलं तर उद्या आणखी पळवतील. साहेलमध्ये तसं झालंही. तिथल्या टोळ्या खंडणीच्या पैशावर वाढल्या, त्यातूनच बंदुका आणि जीपगाड्या आल्या, आणि पुढे केन यांना पळवणारीही तीच मंडळी.

हा तर्क अर्धाच टिकतो. सीरियात आयसिसच्या एकाच कोठडीत युरोपीय, अमेरिकी आणि ब्रिटिश ओलीस होते. २०१४ मध्ये युरोपीय एकेक करून सुटले. जेम्स फोली हा अमेरिकी पत्रकार आणि त्याच्यासोबतचे काही अमेरिकी व ब्रिटिश मारले गेले. फोलीच्या आईवडिलांनी पैसे जमवायचं म्हटलं तर तुमच्यावर खटला होऊ शकतो, असं त्यांना सरकारी माणसांनीच सुनावलं होतं. त्यांनी तो सल गिळून संस्था काढली, पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये ओबामांना धोरण बदलावं लागलं: सरकार पैसे देणार नाही, पण देऊ पाहणाऱ्या कुटुंबाला कोर्टात खेचणार नाही, आणि ओलिसांसाठी वेगळा विशेष दूत असेल. ‘न्यू अमेरिका’ या वॉशिंग्टनच्या अभ्याससंस्थेनं २०१७ मध्ये आकडे तपासले. जिहादी टोळ्यांनी धरलेल्या युरोपीयांपैकी दहांतले आठ सुटले होते, अमेरिकनांपैकी चारांतला एक. अमेरिका पैसे देत नाही म्हणून अमेरिकनांना कमी पळवलं जातं, असंही त्यात दिसलं नाही. टोळी रस्त्यात माणूस उचलताना आधी पारपत्र बघत नाही.

मग द्यावी? आपल्याला कंदहार आठवतं. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ सोडवताना पैसे नाही, तीन अतिरेकी दिले. त्यातल्या मसूद अझहरनं काही आठवड्यांत जैश-ए-मोहम्मद काढली. विमानातल्या दीडशेहून अधिक जिवांपुढे ही किंमत मोठी होती की छोटी, यावर पंचवीस वर्षं वाद चाललाय. तो मिटणार नाही, कारण दोन्ही बाजूंना माणसंच आहेत. फरक एवढाच की विमानातल्यांची नावं त्या दिवशी माहीत होती, पुढे मरणाऱ्यांची नव्हती.

प्रत्यक्षात बहुतेक देश मधली वाट काढतात. स्वतः देत नाहीत, दुसरा कोणी देत असेल तर बघत नाहीत. जहाज कंपन्यांच्या बाबतीत तर अपहरणाचा विमाच असतो, बराचसा लंडनच्या बाजारातून घेतलेला, आणि विमा आहे हे कर्मचाऱ्यालाही सांगत नाहीत. कळलं तर किंमत वाढते.

पैसे देऊनही काम होईल याची खात्री नाही. मुंबईतून चालवलं जाणारं ‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सोमाली चाच्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये धरलं. १५ च्या १५ खलाशी भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सोडलं, आणि सात जणांना मात्र चाच्यांनी किनाऱ्यावर ठेवून घेतलं. भारतीय नौदलानं शंभरावर चाचे पकडून मुंबईत आणले होते. ते सोडा, ही नवी मागणी. ते सात जण सुटायला ऑक्टोबर २०१४ उजाडलं.

कमांडो का पाठवत नाहीत?

पाठवतात, आणि कधी ते नेत्रदीपक यशस्वी होतं. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलानं ‘रुएन’ हे माल्टाचा झेंडा असलेलं जहाज सोडवलं. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर, हवाई दलाच्या विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरवून, ४० तासांच्या कारवाईनंतर. १७ खलाशी सुखरूप, ३५ चाचे शरण. ‘आयएनएस कोलकाता’नं त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं.

पण समुद्रातलं जहाज एका जागी दिसतं. त्याला वेढा घालता येतो, वेळ घेता येतो. वाळवंटातल्या ओलिसाला दर काही दिवसांनी हलवतात, आणि पहारेकऱ्यांना हुकूम असतो की चाहूल लागली तर आधी त्याला गोळी घाला.

येमेनची एक घटना मला विसरता येत नाही. पिएर आणि योलांडे कॉर्की हे दक्षिण आफ्रिकेचं जोडपं. तो शिक्षक, ती रुग्णालयांत मदतकार्य करणारी. मे २०१३ मध्ये ताइझमध्ये दोघांना पळवलं. ‘गिफ्ट ऑफ द गिव्हर्स’ ही डॉ. इम्तियाज सुलेमान यांनी उभारलेली दक्षिण आफ्रिकेची मदतसंस्था मध्ये पडली. तिच्या येमेनमधल्या माणसानं टोळीवाल्यांच्या जमातीतल्या वडीलधाऱ्यांमार्फत बोलणी करून जानेवारी २०१४ मध्ये योलांडेला खंडणीशिवाय सोडवलं. पिएरचंही जुळत आलं. निघायची तयारी झाली. आणि ६ डिसेंबर २०१४ च्या पहाटे अमेरिकी कमांडोंनी ल्यूक सोमर्स या अमेरिकी ओलिसाला सोडवायला त्याच ठिकाणी छापा घातला. सोमर्स आणि पिएर दोघंही मारले गेले. पिएर दुसऱ्या दिवशी सुटणार होता. त्याच्या सुटकेची बोलणी चाललीत हे आपल्याला माहीत नव्हतं, असं अमेरिकेनं नंतर सांगितलं.

एका वाटेनं जाणाऱ्याला दुसऱ्या वाटेवर कोण आहे हे कळत नाही, कारण सगळेच गुप्तता पाळतात.

मग जिबोच्या लोकांनी काय साधलं?

आता गाजावाजाच्या दोन प्रकारांकडे येऊ: दूरदेशी केलेला आणि टोळीच्या दारात केलेला. मला सांगायचं आहे ते हेच.

मेलबर्न किंवा लंडनमध्ये मेणबत्त्या लावल्या तर टोळीच्या नजरेत ओलीस महागतो. पण गाजावाजा जर टोळीच्या अंगणातच झाला, आणि तोही जिथून तिला धान्य, पाणी, खबरा आणि पोरं मिळतात त्याच लोकांनी केला, तर वेगळंच काही होतं. एलियट यांना नेल्याचं कळताच जिबोचे लोक फलक घेऊन बाहेर आले. ‘जिबो डॉ. केन एलियट यांच्या पाठीशी’ अशा नावाचं फेसबुक पान निघालं. त्यावर लोक आपापल्या आया, भाऊ, मुलं यांच्यावर केनांनी केलेल्या शस्त्रक्रियांच्या हकिकती लिहू लागले. टोळीतल्या कोणाच्या तरी घरचंही माणूस त्या खाटांवर पडलेलं असण्याची शक्यता मोठी. जोसेलिन यांना सोडताना टोळीनं ध्वनिफितीत दोन कारणं दिली: लोकांचा दबाव, आणि बायकांना युद्धात ओढू नये ही नेत्यांची सूचना. अतिरेकी टोळी लोकांच्या दबावापुढे नमल्याचं स्वतः कबूल करते, हे क्वचित ऐकायला मिळतं.

बुर्किना फासोनं त्यापुढे एक पाऊल टाकलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या सरकारनं दोघांना देशाचं नागरिकत्व दिलं. केन त्या वेळी वाळवंटात कुठेतरी कैदेत होते. एरवी समाजसेवेचा सन्मान म्हणजे शाल, श्रीफळ आणि समारंभाचा फोटो. इथं सत्कारमूर्तीच गैरहजर. पण मला तो सन्मान त्यामुळेच अर्थपूर्ण वाटतो. ‘पाश्चात्त्य परका धरलाय’ असं टोळी म्हणत असताना देश उत्तर देत होता, तुम्ही आमचाच माणूस धरलाय. कायद्यानं यातून केन एक दिवसही लवकर सुटले असं म्हणता येणार नाही. टोळीला आपल्या लोकांसमोर त्याला शत्रू म्हणून उभं करणं मात्र अवघड झालं.

पण सात वर्षं लागलीच ना?

लागली, आणि हा आक्षेप खोडून काढता येत नाही. लोकांचा आदर हे संरक्षण आहे, पण तो हुकमी एक्का नाही. वय झालेली बाई सोडणं टोळीला परवडलं. पुरुष डॉक्टरला ठेवून घेण्यात तिचं राजकारण होतं. शिवाय जिबोचा आवाज फार काळ उरलाही नाही. २०१६ च्या अखेरीस जिबोच्याच परिसरातल्या एका धर्मोपदेशकानं अन्सारुल इस्लाम ही टोळी काढली आणि उत्तर बुर्किनात युद्धच पेटलं. फेब्रुवारी २०२२ पासून तर खुद्द जिबोला अतिरेक्यांनी वेढा घातला. ज्यांनी डॉक्टरसाठी मोर्चा काढला, ते आता स्वतःच कोंडलेले होते, धान्याला महाग. हवालदिल झालेलं गाव कोणासाठी दबाव आणणार?

केन नेमके कसे सुटले याचा हिशेब जाहीर झालेला नाही. तसा तो सहसा होतही नाही, कारण तीच वाट दुसऱ्या कोणासाठी चालू असू शकते. त्याच काळात धरलेला एक रुमानियन कर्मचारी केन यांच्यानंतर तीन महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये सुटला.

सेवा करणारेच का सापडतात, आणि ते जातातच कशाला?

खाणीच्या इंजिनिअरला पहारा असतो, वकिलातीला भिंत असते. दवाखान्याचं दार उघडं असतं, आणि त्याच्या कामाला ते उघडंच लागतं. फादर टॉम उझुन्नालिल हे केरळचे धर्मगुरू मार्च २०१६ मध्ये येमेनच्या एडन शहरातल्या वृद्धाश्रमातून उचलले गेले. त्या हल्ल्यात १६ जण मारले गेले, त्यात मदर तेरेसांच्या संस्थेच्या चार नन होत्या. फादर सप्टेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मध्यस्थीनं सुटले.

‘इशारा असताना गेलेच का’ हा प्रश्न कधी खरोखरच लागू पडतो. स्वित्झर्लंडची एक मिशनरी बाई २०१२ मध्ये मालीतल्या टिंबक्टूहून पळवली गेली, सुटली, बजावूनही परत गेली, २०१६ मध्ये पुन्हा धरली गेली आणि कैदेतच मारली गेली. तिला वेडी म्हणावं की निष्ठावान, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण केन गेले तेव्हा, १९७२ मध्ये, जिबो शांत गाव होतं. धोका मागाहून त्यांच्या दारी आला. आणि नायजरमध्ये मनोरे उभारणाऱ्या झारखंडच्या पोरांनी तर सेवा किंवा साहस यातलं काहीच निवडलं नव्हतं. गावातल्या मजुरीपेक्षा बरा पगार एवढंच त्यांनी बघितलं.

ज्याच्यासाठी गाव उठत नाही, त्याचं काय?

नवख्या मजुराला परक्या गावात कोणी ओळखत नाही. त्याच्या बाजूनं दोनच जण उभे राहू शकतात, मालक आणि सरकार. २००४ मध्ये इराकमध्ये धरलेले सात ट्रकचालक, त्यात तीन भारतीय, सहा आठवड्यांनी सुटले ते मुख्यतः त्यांची कुवेती कंपनी शेवटपर्यंत बोलत राहिली म्हणून. मालकानं हात झटकले तर काय होतं, ते सोमाली किनाऱ्यावर सोडून दिलेल्या जहाजांवरच्या खलाशांना विचारावं.

म्हणून महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून जहाजावर, तेलक्षेत्रात, बांधकामावर जाणाऱ्यांनी निघण्याआधीच काही गोष्टी बघाव्यात. करारावर सही करणारी कंपनी खरी कोणती, की मधला ठेकेदारच मालक म्हणून मिरवतोय? खलाशाला नेमणारी संस्था मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाकडे नोंदलेली आहे का? अपहरण किंवा ओलीस झाल्यास पगार चालू राहील असं करारात लिहिलंय का? खलाशांच्या आंतरराष्ट्रीय श्रम करारात तशी तरतूद आता आहे, पण कागदावर ती मागून घ्यावी लागते. पोचल्यावर भारतीय दूतावासात नाव-पत्ता नोंदवावा. घरी कराराची प्रत, पारपत्राची प्रत आणि कंपनीच्या जबाबदार माणसाचा क्रमांक ठेवावा.

आणि तशी वेळ आलीच तर घरच्यांपैकी एकानंच बोलायचं, हे पहिल्या दिवशी ठरवावं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपावा, कंपनीकडून दर आठवड्याला लेखी उत्तर मागावं, खासदारामार्फत पाठपुरावा करावा. कॅमेऱ्यासमोर घराची, जमिनीची, दागिन्यांची माहिती देऊ नये; सावकाराकडून किती उचलायची तयारी आहे हे तर मुळीच बोलू नये. ते बोलणं ज्याच्या कानावर जायला नको, तोसुद्धा मोबाइलवर बातम्या बघतो.